चित्र कसं वाटलं? : हौशी चित्रकार, त्यांचे पालक आणि त्यांचे शेजारी यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीच्या गणेशोत्सवात चित्रकला स्पर्धेचा परीक्षक म्हणून बसलं की चित्रं तपासायला तासभर लागतो आणि उरलेली संध्याकाळ शंकासमाधानात जाते. शंका चित्रांबद्दल कमी, वागण्याबद्दल जास्त. काय म्हणावं, कुणादेखत म्हणावं, काहीच न म्हणता सुटता येईल का. दरवर्षी त्याच त्या शंका येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत. सूचनाफलकावर लावायला हरकत नाही. पाणीकपातीच्या नोटिशीखाली जागा असते.

शेजारच्या काकूंनी मुलीचं चित्र दाखवलं. ‘छान’ म्हटलं की सुटलो ना?

कागद सुलटा होण्याआधीच ‘छान’ निघालं, तर मुलीला लगेच कळतं. काकूंना कळत नाही, पण चित्र काकूंनी काढलेलं नाही. (असं आपण धरून चालू. पालकांच्या मदतीबद्दलचा प्रश्न खाली आहे.)

कागद हातात घ्या, फोन खिशात ठेवा आणि चित्रात खरोखर असलेल्या एका गोष्टीचं नाव घ्या. ‘छत्री उलटी झालीय वाटतं वाऱ्याने’ एवढं पुरतं. पोरांना कौतुक नको असतं असं मी म्हणणार नाही, भरपूर हवं असतं. पण आपण छत्री पाहिली, हे कळल्यावर चेहरा जो खुलतो तो ‘वा वा’ने खुलत नाही.

प्राणी कुठला ते ओळखूच आलं नाही तर?

ओळखायचाच नाही. ‘कुत्रा मस्त आहे हं’ म्हणालात आणि ती आजी निघाली, तर त्या घरचा चहा बंद. ‘इथे काय चाललंय, सांग बघू,’ एवढंच म्हणा आणि खुर्चीत बसून घ्या, कारण आता वीस मिनिटं तुम्हाला उठता येणार नाही.

प्रत्येक मूल तेच दोन डोंगर, मधला सूर्य, नदी, झोपडी आणि नारळाचं झाड का काढतं? त्याला गुण द्यायचे की कापायचे?

हा प्रश्न दरवर्षी पहिला येतो, आणि ज्यांनी स्वतः लहानपणी दुसरं काही काढलं नाही ते पालक तो सर्वात मोठ्या आवाजात विचारतात.

त्या चित्राला मी कधीच मोडीत काढत नाही, कारण त्यात भूगोल आहे. सह्याद्री कोकणाच्या पूर्वेला आणि देशाच्या, म्हणजे घाटावरच्या मुलखाच्या, पश्चिमेला. म्हणजे डोंगराआडून डोकावणारा सूर्य कोकणातल्या मुलाने काढला असेल तर तो उगवतोय आणि पुण्या-साताऱ्याकडच्या मुलाने काढला असेल तर मावळतोय. झोपडीशेजारी नारळ असेल तर चित्र बहुधा कोकणातलं, वेळ सकाळची. मग झोपडीतून धूर यायला हवा, कोंबड्या बाहेर हव्यात. मी मुलांना एवढंच विचारतो : ‘सकाळ की संध्याकाळ?’ बहुतेक जण आईकडे बघतात. क्वचित एखादं कार्टं म्हणतं, ‘सुट्टीचा दिवस आहे.’ त्याला मी बक्षीस देतो आणि मग समितीशी वाद घालतो.

नदी डोंगराच्या मधोमध उगम पावून थेट झोपडीच्या दारात येते, हा मुद्दा मात्र खरा आहे. पहिल्याच पावसात ते घर वाहून जाईल. पक्षी मराठी चार आकड्यासारखे काढले तरी चालतात. माझ्या पाहण्यातल्या एकाही पक्ष्याने तक्रार केलेली नाही.

पालकांनी मदत केलेली परीक्षकाला ओळखू येते का?

येते. आकाशाकडे बघायचं. सहा-सात वर्षांचं मूल आकाश म्हणजे कागदाच्या वरच्या कडेला एक निळी पट्टी रंगवतं, जमीन म्हणजे खाली हिरवी पट्टी, आणि मधली सगळी जागा हवेसाठी मोकळी. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, आकाश वरच असतं. मोठ्या माणसाला ती मोकळी जागा सहन होत नाही. म्हणून पहिलीतल्या मुलाच्या चित्रात क्षितिजापर्यंत फिकट होत गेलेलं आकाश दिसलं की मी बाबांच्या बोटांकडे बघतो. नखांत निळा रंग असतो.

यावर उपाय करताना कुणाला उघडं पाडायचं नाही. मुलाला कोरा कागद द्यायचा आणि म्हणायचं, ‘हेच छोटंसं करून मला घरी न्यायला दे.’ मूल आनंदाने काढतं आणि गुण त्या कागदाला मिळतात. बाबा काही बोलू शकत नाहीत, कारण बोलायचं तर आधी कबूल करावं लागतं. आयोजकांनी पालकांच्या सतरंज्या पार्किंगच्या पलीकडच्या टोकाला अंथरल्या तर एवढंही करावं लागणार नाही.

‘त्याला सगळं येतं हो, फक्त घाई करतो’ हे वाक्य ऐकलं की मान डोलवायची. नववीपर्यंत तेच वाक्य गणितासाठीही वापरलं जाणार आहे.

मग चित्रकलेचा हात आहे की नाही, हे ठरवणारी खरी परीक्षा कुठली?

महाराष्ट्रात दोन पिढ्यांना विचारलं तर उत्तर एकच येईल : एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. कला संचालनालयाच्या या शासकीय रेखाकला परीक्षा. हातात ड्रॉइंग बोर्ड, पाण्यासाठी डबा आणि डोळ्यांत भीती घेऊन दुसऱ्याच शाळेच्या फाटकात उभी असलेली मुलं दिसली, की ओळखावं, आज एलिमेंटरी आहे.

यातला वस्तुचित्राचा पेपर माझा सर्वात आवडता. समोर टेबलावर तांब्या, शेजारी दोन वांगी किंवा एखादा पेरू आणि मागे कापड. सोपं वाटतं. पण तांब्याचं तोंड गोल आहे हे मुलाला ठाऊक असतं, म्हणून ते पूर्ण गोल काढतं. टेबल सपाट आहे हेही ठाऊक असतं, म्हणून तळाला पट्टीने सरळ रेघ मारतं. झाला तांब्या वरून आणि समोरून एकाच वेळी पाहिलेला. खरं तर तोंड दिसतं लांबट, दबलेलं, आणि तळ डोळ्यांच्या पातळीपासून आणखी खाली असल्यामुळे त्याची गोलाई तोंडाच्या मानाने जास्त फुगीर दिसते. डोक्याला माहीत आहे ते बाजूला ठेवून डोळ्याला दिसतंय ते काढणं, हा सगळा पेपर एवढ्यापुरताच आहे. भल्याभल्यांना तो जन्मभर सुटत नाही, आणि मी चित्रकलेपुरतं बोलत नाहीये.

शिवाय या पेपरात कॉपी करता येत नाही. मुलं वस्तूंभोवती अर्धवर्तुळात बसलेली असतात, त्यामुळे शेजाऱ्याला दिसणारा कपाचा कान तुमच्या जागेवरून दिसतच नाही. शेजाऱ्याचं बघून काढलेला कान पर्यवेक्षकाला लांबूनही दिसतो. एक डोळा मिटून, हात लांब करून पेन्सिलीने माप घेणारी मुलं पाहून घाबरू नका. ती तुमच्यावर नेम धरत नाहीयेत.

स्मरणचित्रात विषय मिळतो : भाजीबाजार, बसथांबा, पतंग उडवणारी मुलं. यात माणसं काढावीच लागतात, आणि माणसांना हात असतात ही मोठी अडचण आहे. म्हणून परीक्षेतल्या भाजीबाजारात सगळे जण हात पाठीमागे बांधून उभे असतात किंवा प्रत्येकाच्या हातावर भली मोठी पिशवी असते. पावलं गवतात. बाजारात एवढं गवत कुठून आलं, हे विचारायचं नसतं.

संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन यांबद्दल थोडक्यात : रंग सपाट लागला पाहिजे, पेन्सिलीला टोक पाहिजे. इंटरमिजिएटला घनभूमिती वाढते, आणि तिथे चित्रकलेसाठी आलेल्या मुलांना आपण फसवले गेलो असं वाटतं.

इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली की दहावीला गुण मिळतात म्हणे. फक्त त्यासाठी बसवलं तर चुकीचं का?

ए ग्रेडला ७, बीला ५ आणि सीला ३ असे वाढीव गुण मिळतात. त्यासाठी बसवलंत तर बसवा, तांब्या काढायला शिकलं तर नुकसान काही नाही. फक्त नातेवाइकांत सांगताना ‘तिला चित्रकलेची फार आवड आहे’ आणि ‘सात मार्क वाढतात’ ही दोन वाक्यं एकाच दमात म्हणू नका. मध्ये पोह्यांची बशी तरी फिरू द्या.

परीक्षेच्या हॉलमध्ये खोडरबर उसना मागावा का?

एकदा मागावा. दुसऱ्यांदा मागितला की मैत्रीची परीक्षा सुरू होते. पांढरं खोडरबर काळं करून परत देणं ही शाळेतल्या संस्कृतीत फार खालची गोष्ट मानली जाते. रबराने पेन्सिल खोडता येते, याची नोंद जोसेफ प्रीस्टली या शास्त्रज्ञाने १७७० मध्ये केली. त्याआधी युरोपात पावाच्या गराने खोडत. त्या काळी परीक्षेला बसलेल्या मुलांनी खोडण्याचं सामान मधल्या सुट्टीपर्यंत संपवलं नसतं असं मला वाटत नाही.

ब्रश धुतलेलं पाणी शेजाऱ्याच्या बाकाखाली ठेवू नये. आणि दुसऱ्याचा ओला कागद वाळावा म्हणून प्रेमाने पंखा लावू नये. पोस्टर कलर वाळतात, पण भूमितीचे कागद उडतात.

आमच्या मुलाला एका नामवंत ठिकाणी प्रवेश नाकारला. म्हणजे हात नाही, असंच ना?

आर. के. लक्ष्मण यांनी मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेशासाठी अर्ज केला होता. तिथून उत्तर आलं, की प्रवेश देण्याजोगी गुणवत्ता चित्रांत दिसत नाही. मग ते म्हैसूरला पदवीधर झाले, त्याच मुंबईत आले, आणि १९५१ पासून त्यांचा चौकड्यांच्या कोटातला सामान्य माणूस ‘टाइम्स ऑफ इंडिया’त रोज सकाळी लोकांच्या चहासोबत हजर राहू लागला. ज्या संस्थेने नाही म्हटलं ती आणि ते वर्तमानपत्र ही दोन्ही सीएसएमटीच्या आसपास, चालत जाण्याच्या अंतरावर.

ही गोष्ट नकार आलेल्या मुलाला जरूर सांगा, पण दोन अटींवर. नकार आला त्याच दिवशी सांगू नका. त्या दिवशी फक्त वडापाव द्या. आणि संस्थेच्या दारात उभं राहून सांगू नका. तिथल्या लोकांनी ती ऐकलेली आहे.

चित्रावरून मुलाची बुद्धी मोजता येते का? सासूबाई म्हणतात, नातवाने सगळं काळ्याने रंगवलं म्हणजे मनात काहीतरी आहे.

फ्लॉरेन्स गुडइनफ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२६ मध्ये अशी एक चाचणी मांडली. मुलाला एक माणूस काढायला सांगायचा आणि ठरलेल्या मुद्द्यांवर गुण द्यायचे : मान आहे का, बोटं आहेत का, हात खांद्यातून निघालेत की कमरेतून. चित्र देखणं असण्याला गुण नव्हते. असे मुद्दे ५१ होते. पुढे १९६३ मध्ये डेल हॅरिस यांनी ती वाढवली आणि मग यातून बुद्धी कितपत कळते यावर तज्ज्ञांत पुष्कळ वादही झाले. चाचणी घ्यायची तर ती शिकलेल्या माणसाने घ्यायची. फराळाला आलेल्या पाहुण्याने मुलाची वही उघडून ‘बोटं चारच काढलीत, हं…’ असं म्हणणं ही चाचणी होत नाही, आगाऊपणा होतो.

काळ्या रंगाबद्दल आधी रंगपेटी तपासा. पिवळा मोडलेला असतो, लाल बहिणीने नेलेला असतो, पांढरा कुणीच कधी वापरत नाही. काळा तेवढा अख्खा असतो. तरीही सासूबाईंची काळजी उडवून लावू नका. नातवाला त्यांच्या शेजारी बसवा आणि त्यांनाच विचारू द्या. बहुधा उत्तर ‘रात्र आहे’ असं येतं.

ऑनलाइन स्पर्धेत माझं चित्र ‘प्रतिभावान’ ठरलं, प्रमाणपत्रही आलं. आता कोर्सचे पैसे मागतात. हे नवीनच काहीतरी निघालंय का?

नवीन नाही. अमेरिकेत विसाव्या शतकात मासिकांत आणि काडेपेटीच्या वेष्टनावर जाहिराती यायच्या : हा चेहरा पाहून काढा, हे कासव काढा, आम्हाला टपालाने पाठवा, तुमच्यातली कला तपासून देऊ. मिनियापोलिसच्या एका पत्रव्यवहार-शाळेच्या या जाहिराती पिढ्यान्‌पिढ्या गाजल्या. चित्र पाठवणाऱ्याला उत्तर यायचं आणि पाठोपाठ शिकवणीचं आमंत्रण. हसू नका, कारण ‘पीनट्स’ या चित्रमालिकेचे चार्ल्स शुल्झ त्याच शाळेचा अभ्यासक्रम करून पुढे तिथेच शिकवत होते. तेव्हा कोर्स वाईटच असेल असं नाही. प्रमाणपत्र मात्र पैसे भरण्याआधी मिळालं की नंतर, यावरून ते भिंतीवर लावायचं की फोनमध्ये ठेवायचं हे ठरवावं.

स्पर्धेतल्या सगळ्याच पाचशे जणांना ‘विशेष उल्लेखनीय’ म्हटलं असेल, तर ते फॅमिली ग्रुपवर टाकताना बाकीच्यांचा उल्लेख करायची सक्ती नाही. आत्या मात्र विचारणार.

फॅमिली ग्रुपवर चित्र टाकलं. बत्तीस जणांनी पाहिलं, दोघांनीच अंगठा दाखवला. काय समजावं?

एक अंगठा तुमच्या आईचा. दुसऱ्याने चुकून दाबलाय.

आधी वेळ पाहा. सकाळी सात ते नऊ या वेळात ग्रुपवर सूर्योदय, गुलाब आणि सुविचार यांची रांग लागलेली असते. तुम्ही जीव तोडून रंगवलेला गुलाब त्यात गेला तर काकांना तो रोजचाच वाटतो आणि ते उलट तुम्हाला दुसरा गुलाब पाठवतात. चित्र रात्री जेवणानंतर टाकावं. सोबत अर्धवट अवस्थेतला फोटोही टाकावा, म्हणजे ते हाताने काढलंय हे कळतं. ‘कसं वाटलं?’ असं लिहू नये. लिहिलंच तर उत्तर येईपर्यंत फोन बघत बसू नये. आणि दोन निळ्या टिका दिसल्यावर फोन करून ‘पाहिलंस ना?’ विचारणं हा सरळसरळ छळ आहे.

पाहणाऱ्यांसाठी : नुसता अंगठा हा पावतीसारखा असतो, माल मिळाला एवढंच त्यातून कळतं. तीन शब्द लिहायला वेळ नसेल तर दुसऱ्या दिवशी लिहा. उशिरा आलेली दाद शिळी होत नाही.

चुलतभाऊ स्वतः काढलेलं म्हणून चित्रं टाकतो, पण ती यंत्राने बनवलेली आहेत हे उघड दिसतं. ग्रुपवर सांगू का?

पूर्वी बोटं मोजली की कळायचं, हल्ली बोटं पाचच येतात. आता मागच्या दुकानाची पाटी वाचून बघा. ‘किराणा भांडार’च्या जागी ‘क्रीणा भ्ंडाऱ’ असं काहीतरी असेल तर समजून घ्या.

सांगायचं असेल तर एकट्याला, वेगळ्या मेसेजात. ग्रुपवर सांगितलंत तर वाद चित्राचा राहत नाही, तो १९९४ मधल्या जमिनीच्या वाटणीपर्यंत जातो. त्याहून बरा उपाय म्हणजे पुढच्या लग्नात त्याला सर्वांसमोर मेंदीचा कोन द्यावा आणि प्रेमाने म्हणावं, ‘तूच काढ.’ चौकटी आखून फोटोवरून हाताने काढणाऱ्याला मात्र या रांगेत बसवू नका. चौकटींची रीत जुनी आहे, मेहनतीची आहे, आणि त्यातही नाक चुकतंच.

भाचा कलाशाळेत आहे. पत्रिकेवर गणपती, मखराचं डिझाइन, मुलीच्या प्रकल्पाचा ज्वालामुखी एवढं त्याला सांगितलं तर तो तोंड लपवतो. पाच मिनिटांचं तर काम!

१८७८ मध्ये लंडनच्या कोर्टात चित्रकार जेम्स व्हिसलर यांना हेच विचारलं गेलं. जॉन रस्किन या समीक्षकाने त्यांच्या चित्राची टर उडवली म्हणून त्यांनी दावा लावला होता. उलटतपासणीत विचारणा झाली, की दोन दिवसांच्या कामाचे दोनशे गिनी मागता? ते म्हणाले, नाही, जन्मभर मिळवलेल्या ज्ञानाचे मागतो. उत्तर इतकं देखणं होतं की व्हिसलर दावा जिंकले. भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे तिथलं सर्वात हलकं नाणं, आणि खटल्याच्या खर्चात त्यांचं दिवाळं निघालं.

भाच्याला हे माहीत आहे, म्हणून तो कोर्टात जात नाही, तोंड लपवतो. त्याला आधी पैसे विचारा. तो ‘मामी, तुमच्याकडून काय घ्यायचे!’ म्हणेल. तरी द्या, पाकिटात घालून द्या. आणि काम सांगितल्यावर ‘गणपती जरा हसरा कर, सोंड उजवीकडे, नाही डावीकडेच, पण मागे मोरपण टाक’ हे सगळं एकाच फोनवर सांगा, सात फोनवर नको. ज्वालामुखी मुलीला स्वतः करू द्या. तो फुटला नाही तरी पास करतात.

लोकलमध्ये समोरचा मुलगा माझं रेखाचित्र काढतोय असं वाटतं. काय करावं?

कॉलर नीट करू नका, केसांवरून हात फिरवू नका. तुम्ही हललात की त्याचं अर्धं काम वाया जातं आणि तो शेजारच्या झोपलेल्या गृहस्थांकडे वळतो. झोपलेला प्रवासी हा कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा लाडका मॉडेल : पैसे मागत नाही, विरारपर्यंत हलत नाही.

नको वाटत असेल तर ‘नको काढूस’ म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि त्याने वही मिटली पाहिजे. काढणाऱ्यासाठीही नियम हाच : नजरानजर झाली की वही उलटी करून दाखवावी. चित्र पाहिल्यावर ‘मी एवढा जाडा दिसतो?’ हा प्रश्न त्याला विचारू नये. तो विद्यार्थी आहे, त्याला खरं सांगायची सवय लावलेली असते.

मुलाने भाड्याच्या घराच्या भिंतीवर भला मोठा घोडा काढला. ओरडू की कौतुक करू?

मालकासमोर ओरडा, मालक गेल्यावर घोडा बघा. गोव्यात लोटलीच्या मारियो मिरांडा या व्यंगचित्रकारांनी लहानपणी घराच्या भिंती रंगवायला सुरुवात केली तेव्हा आईने त्यांच्या हातात कोरी वही दिली, आणि पुढे त्यांच्या चित्रमय डायऱ्या प्रसिद्ध झाल्या. भिंतीवर काढणं ही काही वाया गेलेल्या पोरांची रीत नव्हे. डहाणू-तलासरीकडे गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने वारली चित्रं निघत आली आहेत. ती कागदावर आणून जगभर नेणाऱ्या जिव्या सोमा म्हसे यांना पद्मश्री मिळाली. अर्थात त्या भिंती अनामत रकमेत अडकलेल्या नव्हत्या. वही द्या, घोड्याचा फोटो काढून ठेवा, आणि घर सोडायच्या आधी रंगाऱ्याला बोलवा.

चित्रप्रदर्शनात गेल्यावर काय बोलावं? काहीच कळत नाही.

न बोलता फिरता येतं, हे प्रदर्शनाचं मोठं सुख आहे. मुंबईत काळा घोड्याला जहांगीर कलादालन १९५२ पासून आहे, आत जायला पैसे पडत नाहीत, उन्हातून आलेल्या माणसालाही कुणी हाकलत नाही. चित्राशेजारी लाल टिकली दिसली तर ती कुणाची पडलेली नाही, चित्र विकलं गेल्याची ती खूण आहे. काढून आपल्या कपाळाला लावू नये.

‘हे तर माझा नातूही काढेल’ हे वाक्य हॉलमध्ये म्हणू नये, कारण कोपऱ्यात खुर्चीवर गप्प बसलेला माणूस बहुधा चित्रकारच असतो. आणि सोबतच्यांना मोठ्याने माहिती देण्याआधी खालची पट्टी वाचावी. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात समईची ज्योत हाताने आडोसा करून जपणाऱ्या बाईचं जलरंगातलं चित्र आहे. त्यापुढे उभं राहून ‘राजा रविवर्मा!’ असं ठणकावून सांगणारे कितीतरी जण भेटतात. ते आपल्या सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं आहे. आणि तेलरंगातलंही नाही.

मेहुण्याने स्वतः रंगवलेलं चार फुटी चित्र वास्तुशांतीला भेट दिलं. आवडलं नाही. कुठे लावू?

जिथे मेहुणा बसतो त्या सोफ्याच्या मागच्या भिंतीवर. चित्र लावलेलं आहे हे त्याला आत येतानाच दिसतं, आणि नंतर तासभर ते बघावं लागतं तुम्हाला, तेव्हा चेहरा सांभाळा. ‘कोणत्या रंगात केलंस?’ असा प्रश्न तयार ठेवा. फक्त पाहुणे येणार म्हटल्यावर खिळ्यावर चढणारं आणि गेल्यावर पलंगाखाली जाणारं चित्र असेल तर खिळा जरा लांब ठोका. घाईत तिरकं लागलेलं चित्र मेहुण्याला लगेच कळतं, इंटरमिजिएट ए ग्रेड आहे त्याची.